पुण्यनगरीत आपले स्वागत असो



पोलिसांनी आपली माहिती लोकांसाठी खुली करावी आणि त्यातून विश्वास वाढावा, या विषयावरील परिषदेचे यजमानपद पुण्याला मिळाले, हा आमचा बहुमान आहे. हिशेब मागण्याची या शहराची परंपरा जुनी. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्या, त्यातून २ एप्रिल १८७० रोजी येथे सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्राण. साताऱ्याहून आलेले हे वकील साऱ्यांचे ‘सार्वजनिक काका’ झाले. सभासदाला किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आपण कोणाच्या वतीने बोलतो, ते आधी दाखवायचे! १८७६-७७च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली. १८७७च्या दिल्ली दरबाराला काका खादी घालून गेले. १८७९मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्रही त्यांनीच घेतले. रानडे, टिळक, गोखले मुलांना ठाऊक असतात. काकांची ओळख मात्र करून द्यावी लागते. याची मला फार खंत वाटते, म्हणून एवढे बोललो.

विषयातले जाणकार पुढे बोलतीलच. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला; लैंगिक अत्याचारासारखे नाजूक गुन्हे त्यातून वगळले, हेही योग्यच झाले. पण सुटा एफआयआर वाचून आपल्या वस्तीत चोऱ्या वाढल्या की घटल्या, किती तपास पूर्ण झाले, हे कळत नाही. ठाणेवार आकडे सोप्या मराठीत, नियमितपणे मिळाले, तर माणूस अफवेऐवजी ठाण्यावर भरवसा ठेवील, असे मला मनापासून वाटते.

आता व्यवस्थेविषयी. निवासाच्या खोल्या एकाच ठिकाणी मिळाल्या नाहीत, त्यामुळे काहींना लांब उतरावे लागले. वाहनतळही अपुरा आहे. ज्येष्ठांची त्यात गैरसोय झाली असेल, तर समितीच्या वतीने मी क्षमा मागतो. सभागृह विनामूल्य देणारी संस्था, दोन्ही वेळच्या भोजनाचा भार उचलणारे व्यापारी बांधव, छपाई पदरमोड करून देणारे मुद्रक, खुर्च्या-मांडव देणारे मंडळ, आपली नावे जाहीर करू नका असे बजावून देणगी देणारे हितचिंतक आणि पहाटेपासून स्थानकावर उभे असलेले विद्यार्थी स्वयंसेवक, या सर्वांचे ऋण मोठे आहे. काही कमी पडले, तर निळी फीत लावलेल्या कार्यकर्त्याला हक्काने सांगा.

प्रतिनिधींना एकच विनंती: उद्या दुपारी ठराव कराल, तेव्हा कोणती माहिती, कोणी, किती दिवसांत खुली करायची, हे त्यात स्पष्ट लिहा.