मांजर दुखणं लपवतं

कुत्र्याला बरं नसलं की तो पायाशी घुटमळतो. मांजर कपाटावर नाहीतर पलंगाखाली जाऊन बसतं, आणि ‘आज किती शहाण्यासारखं झोपलंय’ म्हणून आपण खूश!

म्हणून लक्ष ठेवायचं ते त्याच्या सवयींवर. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, पण लघवीचा थेंब नाही, असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला की दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. मध्यरात्र असली तरी पशुवैद्य गाठा.

अंग गरम लागतंय म्हणून गोळी देण्याचा मोहही नको. मांजराचं अंग मुळात आपल्याहून गरम, साधारण १०१-१०२ अंश फॅरनहाइट. आपल्याला चालणारं पॅरासिटामॉल त्याला विष ठरतं, कारण ते निकामी करणारं विकर मांजराच्या यकृतात पुरेसं नसतं. मग रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड सुजतं. पाव गोळीसुद्धा घातक.

 

आणि ती बशीभर दुधाची आपली जुनी हौस! बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. त्यापेक्षा ताज्या पाण्याची दोन भांडी घरात वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.