उतारूचा हक्क
(नाशिक येथील भाषण)

३ एप्रिल २०२२ रोजी लहवित व देवळाली या स्थानकांच्या दरम्यान जयनगर एक्सप्रेसचे डबे घसरले. अशा वेळी हातावर ठेवली जाणारी तातडीची मदत म्हणजे अनुग्रह. नुकसानभरपाई हा मात्र हक्क आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १२४ व्या कलमान्वये गाडीच्या अपघातात जखमी झालेल्या उतारूला रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही! दुखापतीप्रमाणे रक्कम ठरलेली आहे. मृत्यूबद्दल २०१७ पासून ८ लाख रुपये. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत करावा. मुदत टळल्यास सबळ कारण द्यावे लागते. तिकीट हरवले म्हणून घरी बसू नका. केवळ तेवढ्याने दावा फेटाळता येत नाही, प्रतिज्ञापत्र करून हकीकत मांडता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. आणि रुग्णालयाचे कागद जपा. कोणी अंगठा मागितला, तर आधी तो कागद मुलांकडून वाचून घ्या.