पाळी, गोळी आणि आपली निवड

(लंडन येथे मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आधी मंडळाचं अभिनंदन करते. कार्यक्रमपत्रिकेवर 'स्त्री-आरोग्य' असा मोघम मथळा न देता तुम्ही 'पाळी आणि गर्भनिरोधक गोळी' असं सरळ छापलंत. पुरुष मंडळीही अजून खुर्च्यांवर टिकून आहेत. चहा नंतर ठेवला, हे चिटणीसबाईंचं चातुर्य!

आपण बायका एक साडी घ्यायला पन्नास साड्या उलगडायला लावतो, पदर उजेडात नेऊन रंग बघतो. आणि महिन्याचे चार-पाच दिवस अंगाला लागून असणारी वस्तू मात्र मेडिकलवाल्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिली की न बघता पिशवीत टाकतो. गोळीचंही तेच. मैत्रिणीने सांगितली म्हणून घेतली, जावेने घाबरवलं म्हणून सोडली. मला आज एकच सांगायचं आहे: जी गोष्ट लपवून घ्यावी लागते, तिची निवड कधी नीट होत नाही.

खरं तर मराठी माणसाला या विषयाचं वावडं असायचं कारण नाही. मेरी स्टोप्स यांनी मार्च 1921 मध्ये याच शहरात, हॉलोवेला, संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत आपलं केंद्र सुरू केलं. या मतांपायी त्यांनी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडली, खटले अंगावर घेतले, आणि 'समाजस्वास्थ्य' मासिक 1927 पासून मरेपर्यंत चालवलं. 1934 च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. शंभर वर्षांपूर्वी हे लोक उघड बोलत होते आणि आपण अजून कुजबुजतो आहोत.

आता पाळीच्या साधनांकडे येऊ. पहिला प्रश्न 'कुठला ब्रँड' हा नसतो, 'मला किती जातं' हा असतो. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिली रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. 80 मिलीच्या वर गेलं तर ते जास्त समजायचं. आता मोजत कोण बसणार? म्हणून साध्या खुणा लक्षात ठेवा. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावा लागतो, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी पडतात, सात दिवसांच्या वर चालतं, रात्री उठून चादर बदलावी लागते. यातलं काही असेल तर मोठा पॅड आणू नका, डॉक्टरांकडे जा आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. 'आमच्या घरात सगळ्यांना जास्तच जातं' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे! घरात सगळ्यांना आहे म्हणून ते ठीक होत नाही.

आजीच्या काळी सुती कापड होतं. कापडात वाईट काही नव्हतं. वाईट होतं ते वाळत घालणं. परकराखाली, मोरीच्या कोपऱ्यात, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा दमट जागी. ऊन लागलेलं, पूर्ण वाळलेलं कापड आजही चांगलं. ओलसर कापडाने खाज, जखमा आणि जंतुसंसर्ग होतो.

पॅडमध्ये लाकडाचा लगदा असतो, ओल धरून फुगणारे बारीक कण असतात आणि खाली प्लॅस्टिकचा थर. रक्त कमी असलं तरी चार ते सहा तासांनी बदलावा. सुगंधी पॅड घेऊ नका, वास झाकण्यापलीकडे त्या अत्तराचा उपयोग नाही आणि नाजूक त्वचेवर पुरळ येतं. आणि वापरलेला पॅड कुठे जातो? पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक भगिनी तो हाताने वेगळा काढतात. म्हणून तिथे लाल ठिपक्याची मोहीम निघाली: कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे पुडी उघडायची वेळ त्यांच्यावर येणार नाही. सुट्टीत पुण्याला जाल तेव्हा एवढं जरूर करा.

टॅम्पॉन आपल्याकडच्या मुली इथे आल्यावर वापरू लागतात, पोहण्याच्या तासाला ते सोयीचंही असतं. नियम दोन: लागेल तेवढंच शोषणारं, म्हणजे लहानात लहान घ्यायचं, आणि आठ तासांच्या वर ठेवायचं नाही. 1980 मध्ये अमेरिकेत अतिशोषक टॅम्पॉनमुळे टॉक्सिक शॉक सिंड्रोमची साथच आली, तरुण मुली दगावल्या आणि 'रिलाय' हा ब्रँड बाजारातून मागे घ्यावा लागला. आज हा आजार फार दुर्मीळ आहे. पण टॅम्पॉन किंवा कप आत असताना एकाएकी ताप, अंगावर उन्हाने भाजल्यासारखा लालपणा, उलट्या, चक्कर असं झालं, तर ते ताबडतोब काढायचं आणि थेट रुग्णालय गाठायचं.

मेन्स्ट्रुअल कप मूळचा 1930 च्या दशकातला, हल्लीचा शोध नाही. बहुतेक कपांत 25 ते 30 मिली मावतं, आठ ते बारा तास चालतो, नीट उकळून ठेवला तर अनेक वर्षं टिकतो. 2019 मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'ने 43 अभ्यासांचा आढावा छापला. गळतीच्या बाबतीत कप पॅड-टॅम्पॉनच्या बरोबरीचा किंवा सरस ठरला. सवय व्हायला दोन-तीन पाळ्या लागतात, तेव्हा पहिल्या महिन्यात फेकून देऊ नका. कॉपर-टी बसवली असेल तर मात्र कप ओढून काढू नका. आधी बोटाने चिमटून हवा सोडा, नाहीतर कपाबरोबर कॉपर-टीही बाहेर येऊ शकते.

आया मला बाजूला घेऊन विचारतात, "लग्नाआधी कप चालेल ना?" इथे सगळ्यांसमोरच सांगते, चालेल. योनिपटल हा कौमार्याचा दाखला नाही. ते जन्मतःच प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि खेळताना, सायकल चालवतानाही ताणलं जातं.

पाकिटावरच्या आकड्यांबद्दल एक गंमत ऐका. पॅड किती शोषतो हे कंपन्या वर्षानुवर्षं पाण्यावर नाहीतर मिठाच्या पाण्यावर मोजत आल्या. खऱ्या रक्तावर निरनिराळी साधनं शेजारीशेजारी तपासणारा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला 2023 मध्ये! त्यात डिस्कमध्ये, म्हणजे कपासारख्याच पण पसरट साधनात, सर्वांत जास्त मावलं आणि पाळीच्या निकरने सर्वांत कमी शोषलं. म्हणजे निकर शेवटच्या दिवसांना किंवा कपाच्या जोडीला ठीक, दुसऱ्या दिवसाच्या भरवशाला नाही.

किमतीचं म्हणाल, तर भारताने पॅडवरचा जीएसटी जुलै 2018 मध्ये काढला, ब्रिटनने व्हॅट 1 जानेवारी 2021 ला. स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट 2022 पासून ही साधनं मोफत मिळण्याचा कायदाच आहे. आणि आपल्या बीड जिल्ह्यात? 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. फडात ना संडास ना पाणी, आणि पाळीपायी एक खाडा झाला की मजुरी कापली जाते. निवड नसली की बाई कुठवर ढकलली जाते, ते या आकड्यात दिसतं.

आता गोळी. मुख्य प्रकार दोन. एकीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन्ही संप्रेरकं असतात, ती संयुक्त गोळी. सरकारी दवाखान्यातली 'माला-एन' यातलीच: 21 गोळ्या संप्रेरकांच्या, 7 लोहाच्या. दुसरीत फक्त प्रोजेस्टोजेन. यातली डेसोजेस्ट्रेलची गोळी ब्रिटनमध्ये 2021 पासून फार्मसिस्टशी बोलून चिठ्ठीशिवाय मिळते. आणि भारताची स्वतःची 'सहेली' आहे, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली. तिच्यात ही संप्रेरकं नाहीत, आणि पहिल्या तीन महिन्यांनंतर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची.

गोळीबद्दलची निम्मी भीती जुन्या गोळीची आहे. 1960 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या 'एनोव्हिड'मध्ये इस्ट्रोजेन 0.15 मिलिग्रॅम होतं. आजच्या बहुतेक संयुक्त गोळ्यांत ते 0.02 ते 0.035 मिलिग्रॅम असतं.

खरा धोका रक्ताच्या गुठळीचा, आणि तो आकड्यानेच समजून घ्यावा. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या 10 हजार स्त्रियांपैकी वर्षाला साधारण दोघींना पायात किंवा फुप्फुसात गुठळी होते. लिव्होनॉर्जेस्ट्रेलच्या संयुक्त गोळीवर 5 ते 7 जणींना, डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रॉस्पिरेनोनच्या संयुक्त गोळीवर 9 ते 12 जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका याहून जास्त असतो. ऑक्टोबर 1995 मध्ये याच देशात सरकारी समितीने इशारा दिला की नव्या गोळ्यांनी धोका दुप्पट होतो. वर्तमानपत्रांनी 'दुप्पट' एवढंच उचललं. हजारो बायकांनी पाकीट अर्धवट टाकलं, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपातांची संख्या वाढली. तेव्हा व्हॉट्सॲपवर 'दुप्पट' दिसलं की विचारायचं: कशाच्या दुप्पट?

कर्करोगाबाबत दोन्ही बाजू सांगते. बीजांडकोशाचा कर्करोग गोळीने कमी होतो, पाच वर्षांच्या वापरामागे सुमारे 20 टक्क्यांनी, आणि गोळी बंद केल्यावरही तो फायदा अनेक वर्षं टिकतो. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही घटतो. स्तनांचा मात्र किंचित वाढतो. 2017 च्या डेन्मार्कमधल्या मोठ्या अभ्यासात वर्षाला सुमारे 7,700 बायकांमागे एक जास्तीची रुग्ण निघाली. पाच वर्षांहून अधिक वापराने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शक्यता वाढते, गोळी सोडल्यावर ती उतरते. तेव्हा स्मिअर चाचणी चुकवू नका आणि मुलामुलींना या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची लस द्या.

संयुक्त गोळी कुणी घेऊ नये? पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्यांनी, उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी, पूर्वी गुठळी झालेल्यांनी. आणि अर्धशिशी. एक तरुण मुलगी माझ्या दवाखान्यात गोळीची पुढची पाकिटं न्यायला आली होती. सहज विचारलं तर म्हणाली, डोकं दुखायच्या आधी वीसेक मिनिटं डोळ्यांपुढे नागमोडी चमचमती रेघ सरकत जाते. तिला वाटायचं, स्क्रीनचा त्रास. हा 'ऑरा' असेल तर संयुक्त गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो. तिला फक्त प्रोजेस्टोजेनची गोळी दिली. हा प्रश्न कुणी विचारला नाही तर तुम्ही स्वतः सांगा.

क्षयाचं रिफाम्पिसिन आणि अपस्माराची काही औषधं गोळीचा परिणाम घालवतात; नेहमीची अँटिबायोटिक्स घालवत नाहीत. गोळीने वंध्यत्व येत नाही. वजन खूप वाढतं, याला पुरावा नाही. मन उदास होतं असं काही जणींच्या बाबतीत घडतं. तसं वाटलं तर सहन करत बसू नका, गोळी बदलून घ्या. आणि पीसीओएस या संप्रेरकांच्या विकारासाठी मुलीला गोळी दिली म्हणून आईने पाकिटावरचं नाव खरवडू नये. तिथे ती गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ न देण्यासाठी आणि पाळी नियमित येण्यासाठी असते.

शेवटचा मुद्दा खास आपला: पाळी पुढे ढकलायची गोळी. गौरी-गणपती, सत्यनारायण, भाच्याचं लग्न जवळ आलं की नॉरेथिस्टेरॉनची मागणी होते. तीन दिवस आधीपासून 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. भारतात कुणीतरी दुकानातून आणून देतं आणि ती सूटकेसमधून इथे येते. पण या मात्रेत तिचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. म्हणजे संयुक्त गोळी ज्यांना वर्ज्य, त्यांना हीदेखील वर्ज्य धरावी. त्यातून ती घेऊन मुंबईचा नऊ तासांचा विमानप्रवास, म्हणजे गुठळीला दोन निमित्तं झाली. शिवाय अशा वापरात गर्भनिरोधनाचा भरवसा नसतो. घ्यायची तर डॉक्टरांना विचारून घ्या. आणि गणपतीला चालणार नाही असं वाटत असेल, तर तो प्रश्न वैद्यकाचा नाही, घरातल्यांनी बसून बोलायचा आहे. सासूबाईंनी "चालेल गं" म्हटलं, तर गोळीच लागणार नाही.

मंडळी, आज घरी गेल्यावर एका कागदावर चार गोष्टी लिहा: रक्तदाब किती, घरात पन्नाशीच्या आत कुणाला गुठळी झाली होती का, अर्धशिशी आहे का आणि ती कशी, सध्या कुठली औषधं चालू आहेत. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे किंवा फार्मसिस्टकडे जा. पुरुषांनी आपल्या आईला आणि बहिणीला विचारून तो पुरा करायला मदत करावी, कारण आनुवंशिकता तुमच्याही बाजूने लेकीकडे जाते. आणि घरातल्या मुलीला हे सगळं तिची पाळी सुरू व्हायच्या आधी सांगा, नंतर नव्हे.