सालापुरती माती



नोकरीची सगळी वर्षे माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आणि शिवारात घालवलेल्या माणसाला तुम्ही या परिषदेच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलेत, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्याआधीच्या अध्यक्षांच्या नावावर मोठे संशोधन आहे. माझ्याजवळ आहेत ती पाहिलेली राने आणि ऐकून घेतलेली माणसे.  आता कामाला लागतो.

अध्यक्षाने आपल्या मृदाशास्त्राचा आढावा घ्यायची प्रथा आहे. तो घेतो. आपल्या अनेक जिल्ह्यांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत अडकला आहे. जस्त आणि लोहाची कमतरता पसरते आहे. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात क्षारपड आणि चोपण जमिनींचा प्रश्न जुनाच आहे. २०१५ साली मृद आरोग्य पत्रिकेची योजना आली आणि बारा घटकांची तपासणी शेतकऱ्याच्या हाती पडू लागली. या सर्वांवर अधिवेशनाच्या स्मरणिकेत चांगले निबंध आहेत, ते आपण वाचालच. आढावा संपला.

आता त्या निबंधांत जे नाही त्याविषयी बोलतो. एकाही निबंधात असे लिहिलेले नाही की नमुना घेतला तेव्हा ते रान कसत कोण होते आणि किती सालांच्या बोलीवर. खोली लिहिली आहे, पोत लिहिला आहे, सामू दोन दशांशांपर्यंत लिहिला आहे. कसणारा मात्र गायब! मातीची निगा माणूस राखतो, आणि निगा राखण्यात त्याचा फायदा आहे की नाही हे त्या रानावरच्या त्याच्या हक्कावर ठरते. एवढी साधी गोष्ट आपण आपल्या शास्त्राच्या हद्दीबाहेर ठेवली. गेली कित्येक वर्षे मी हे बैठकांत बोलत आलो, आणि दर वेळी ‘हा महसुलाचा विषय आहे’ म्हणून मला खाली बसवले गेले. आज अध्यक्षच मी आहे, तेव्हा कोणी बसवील असे वाटत नाही.

आपल्यात एक वाद नेहमीचा आहे. शेतकऱ्याला माती कळत नाही म्हणून ती खालावते, प्रबोधन वाढवा, असे एका गटाचे म्हणणे. त्यांना मी बार्शीकडचा एक माणूस दाखवीन. मधे एकच बांध. बांधाच्या अलीकडे त्याचे वडिलोपार्जित तीन एकर, पलीकडे खंडाने केलेले चार. बैल तेच, हात तेच, पाऊस तोच. अलीकडच्या रानात दर दुसऱ्या वर्षी शेणखत, तुरीचा पाला जमिनीतच, बांधाला खिंडार पडले की चार दिवसांत बुजवलेले. पलीकडे युरियाची गोणी, आणि बांधावरून पाणी जाऊन पडलेली घळ. दोन्हीकडचे नमुने मी स्वतः काढले. फरक पाहायला प्रयोगशाळेचीही गरज नव्हती, ढेकूळ हातात घेतले की कळत होते. मी त्याला प्रबोधन करू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “साहेब, खत टाकतो की. पण पुढच्या पाडव्याला हे रान माझ्याकडंच राहील असं तुम्ही लिहून देताय का?”

या प्रश्नाचे उत्तर आपल्या शिफारशींत नाही. युरियाचे पैसे पिकातून त्याच हंगामात वसूल होतात. शेणखतातल्या नत्राचा निम्म्याहून कमी भाग पहिल्या पिकाला मिळतो, उरलेला पुढच्या दोन-तीन वर्षांत. सेंद्रिय कर्ब तर आपल्याकडच्या उन्हात आधीच भराभर जळतो, तो हलवायला आणखी वर्षे लागतात. बांध, निचऱ्याचे चर, तळ्यातला गाळ यांचा परतावा त्याहून लांबचा. ज्याचा करार पाडव्याला संपतो तो यांतले काय निवडील? त्याला अडाणी म्हणणारे आपण हिशेबात कच्चे आहोत, तो पक्का आहे. जॅकोबी आणि मन्सुरी या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली पाकिस्तानातल्या शेतांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनाही हेच आढळले: दुसऱ्याच्या रानात शेणखत कमी पडते. बार्शीच्या बांधावर मला जे दिसले त्याला सिंधू खोऱ्यातून दुजोरा मिळाला, एवढेच.

दुसरा वाद अर्थशास्त्रातल्या मित्रांचा. १८९० साली अर्थशास्त्रज्ञ मार्शलने मांडले की अर्धेलीने करणारा जीव ओतून करत नाही, कारण निम्मे पीक मालकाच्या घरी जाते. यावरून अजूनही सांगतात की बटई, म्हणजे ही अर्धेली, वाईट आणि रोख खंड बरा. त्यांनी माझ्याबरोबर यावे. मी पाहिलेली सर्वांत पिळून काढलेली राने रोख खंडाचीच होती. मालक पाडव्याला पैसे मोजून घेतो आणि पुण्याला निघून जातो, वर्षभर फिरकत नाही. उलट बटईचा मालक निदान राशीच्या दिवशी तरी खळ्यावर उभा असतो आणि बांध फुटलेला दिसला तर बोलतो. मी पाहिलेल्या उत्तम रानांतले एक बटईचेच होते. एका विधवा बाईंचे वावर, आणि शेजारचेच घर दोन पिढ्या ते करत आलेले. कागद नाही, सही नाही. पण ‘हे वावर आपल्याकडून जायचे नाही’ हा भरवसा होता, म्हणून त्या घराने तिथे ताल घातली आणि नदीचा गाळही नेऊन टाकला. वाटा निम्मा की रोख, हे दुय्यम आहे. मुद्दा मुदतीचा आहे.

तिसरा वाद सेंद्रिय विरुद्ध रासायनिक. त्यावर या मांडवात उद्या दिवसभर भांडण होणारच आहे. भांडा. पण सेंद्रिय प्रमाणपत्राला हंगामी पिकांसाठी दोन वर्षांचा आणि फळबागांसाठी तीन वर्षांचा रूपांतर-काळ लागतो, हे भांडताना ध्यानात ठेवा. सालाने रान करणारा त्या दारातून आतच येऊ शकत नाही.

आणि जे खंडाने करतात ते मातीत काही घालतच नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातले आले उत्पादक पाहावेत. कंदकुजीमुळे आल्यावर आले घेता येत नाही, म्हणून ते दरवर्षी नवे रान शोधतात. त्या परक्या रानात ते शेणखताच्या ट्रॉल्यांवर ट्रॉल्या रिकाम्या करतात, कारण आले ते पैसे त्याच पिकात परत देते. मालकही खूश, आल्याच्या बेवडावर ऊस जोरात येतो. मात्र आले निघाल्यावर मागे राहिलेली बुरशी आणि सूत्रकृमी यांचे काय? त्यांचा उल्लेख कुठल्याच बोलीत नसतो. मुदतीच्या आत जे परत मिळते ते जमिनीत जाते, मुदतीनंतर जे भोगावे लागते ते जमिनीत राहते. माझ्या आजच्या भाषणातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

आता अवघड भागाकडे येतो. मुदत एवढी तोकडी का? कारण कूळ लागण्याची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क बसण्याची, मालकाची भीती. तिचे मूळ कुळकायद्यांत आहे: १९४८ चा मुंबई कुळवहिवाट आणि शेतजमीन अधिनियम, मराठवाड्यासाठी १९५० चा हैदराबादचा कायदा, विदर्भासाठी १९५८ चा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी पश्चिम महाराष्ट्रात कसणारा हा जमिनीचा मालक मानला गेला. शेतसाऱ्याच्या आकाराच्या वीस ते दोनशे पटींत किंमत ठरली, हप्ते ठरले. या कायद्याला नावे ठेवणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसवू नका. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या आणि उपासमार सोसली, ती उगाच नाही. रायगडात फिरताना मी म्हाताऱ्या माणसांना विचारत असे, इथे पहिली ताल कधी पडली? उत्तर पुन्हा पुन्हा एकच येई: “३२ मचं सर्टिफिकेट हातात आलं त्यानंतर.” म्हणजे कुळकायद्याच्या कलम ३२ म खालचा खरेदीचा दाखला. खोताच्या रानात कोण दगड वाहील? मालकी मिळाली आणि त्याच माणसांनी डोंगरउतारावर दगड रचले.

तोच कायदा आज उरलेल्या रानांत उलटा फिरला आहे. मालक एकाच माणसाला सलग दोन-तीन वर्षे रान देत नाही. नाव कुठे चढेल म्हणून कागद करत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर होते, पण तिथेही पीक खातेदाराच्या खात्यावर चढते. पीक विम्याला भाडेपट्टा दाखवा म्हणतात, तो आणायचा कुठून? ज्याने पेरले तो सातबाऱ्यावर नाही, आणि जो सातबाऱ्यावर आहे त्याने वर्षभर रान पाहिलेले नाही. मातीचे हाल या दोघांच्या मधल्या जागेत होतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे राज्यातले सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर. एवढ्यावर घर चालत नाही, म्हणून एक जण रान देऊन शहरात जातो आणि मागे राहिलेला ते करतो. हा व्यवहार वाढणारच आहे. तो आपण चोरासारखा अंधारात ठेवला आहे.

मी कामावर असताना मातीच्या नमुन्याच्या पत्रकात ‘कसणारा कोण’ असा एक रकाना घालावा असे सुचवले होते. वरिष्ठ म्हणाले, “तो रकाना घातलात तर शेतकरी नमुनाच देणार नाहीत. उद्या कूळ लागेल म्हणून घाबरतील.” भीतीबद्दल त्यांचे म्हणणे खरे होते, हे मी आजही मान्य करतो. पण ज्या भीतीमुळे माती जाते आहे तिचे नावही घ्यायचे नाही, हे कुठले शास्त्र?

कोणी म्हणेल, मालकसुद्धा माती मारतातच. मारतात. कृष्णाकाठी स्वतःच्या मालकीच्या उसाला पाट फोडून पाणी देणारे आणि जमिनी फुगवून चोपण करून ठेवणारे सातबाऱ्यावरचेच धनी आहेत. सरकारी मालकीच्या गायरानांचीही दशा आपण पाहतो. मालकी हा रामबाण आहे असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की ज्याला उद्याचा भरवसा नाही त्याच्याकडून उद्याच्या मातीची अपेक्षा धरणे हा अन्याय आहे.

आणि भरवसा मालकीशिवायही देता येतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले. त्यांनी देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन पन्नास वर्षांच्या पट्ट्याने घेतली. विकत घेतली नाही. तिथे बांध घातले, पाझर तलाव केला, आणि त्या माळावर पाणी पंचायतीचा प्रयोग उभा राहिला. पुढे पाणी वाटले तेही जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर. पट्टा सालाचा असता तर साळुंख्यांनीही एक कुदळ मारली नसती. बांधांचा भार एकट्या कसणाऱ्यावर टाकता येत नाही, हेही जुनेच: त्याच्याही आधी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सांगितले होते की सरकारने फौजेतले आणि पोलिसांतले मोकळे हात लावून ताली आणि बंधारे घालावेत, म्हणजे पावसाबरोबर सत्त्व वाहून जाणार नाही. शेतकऱ्याच्या एकट्याच्या बळावर हे होणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यापासून पुढे बांधबंदिस्तीची कामे सरकारने केलीही. पण त्या बांधांची निगा पुढे कोणी राखायची, यावर कागद गप्पच राहिला.

योगायोग पाहा, त्याच १८८३ साली इंग्लंडच्या संसदेने कायदा करून ठरवले की शेत सोडून जाणाऱ्या कुळाला त्याने जमिनीत घातलेल्या आणि अजून न संपलेल्या सुधारणांचा मोबदला मिळालाच पाहिजे. त्यांत खतेही धरली. आपल्या १९४८ च्या कायद्यातही सुधारणांच्या भरपाईचे कलम आहे, आणि जमिनीची कायमची नासाडी करणाऱ्या कुळाचा हक्क काढून घेण्याचेही. पण जो व्यवहार कागदावरच नाही, त्याला ही कलमे लागणार कशी?

म्हणून माझी मागणी. मालकाला मालकी गमावण्याचे भय नको आणि कसणाऱ्याला पाडव्याचे भय नको, अशी निदान पाच-सात वर्षांची नोंदणीकृत बोली. रान देताना मातीचा नमुना, परत घेताना मातीचा नमुना, आणि मधल्या फरकाचा दोघांत हिशेब. कायदा कसा करायचा ते कायदेपंडितांनी पाहावे. पण एकाच वावरात कर्बाचे आकडे दहा पावलांवर बदलतात, मग हिशेब कुठल्या आकड्यावर करायचा? मोजायची खोली किती, नमुने किती, चुकीची मर्यादा किती? हे काम आपले आहे, दुसरे कोणी करणार नाही. त्यासाठी या परिषदेने एक समिती नेमावी. तिच्यात महसुलातला एक माणूस असावा आणि खंडाने करणारा एक तरी शेतकरी असावा. तपशील समितीने ठरवावा, मी त्यात लुडबुड करणार नाही. पुढच्या अधिवेशनापर्यंत तिच्याकडून काही आले नाही, तर मात्र मी पुन्हा उभा राहून बोलेन, तेव्हा अध्यक्ष नसलो तरी.

ज्यांना अजूनही हा विषय मृदाशास्त्राबाहेरचा वाटतो त्यांनी उद्याच्या चर्चासत्रात एवढेच सांगावे, की आपल्या निबंधातली माती कोणाची होती आणि कोणाच्या हातात होती. मी पहिल्या रांगेत बसलेला असेन.  अधिवेशनाचे कामकाज सुरू झाले, असे जाहीर करतो.