जिना आणि उतार

खालून वर जाण्याच्या दोन युक्त्या माणसाने फार पूर्वीच शोधल्या: एक जिना, दुसरी उतार. दिल्लीत राहणाऱ्यास त्यांची तुलना करण्यासाठी ग्रंथ उघडावा लागत नाही.

जुन्या किल्ल्यातील शेरमंडलाच्या जिन्यावरून जानेवारी १५५६ मध्ये हुमायून बादशहा पडला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. गमावलेले राज्य त्याने परत मिळविले होते. पायऱ्यांपुढे मात्र त्याचे काही चालले नाही. तरीही जिना टिकला, कारण तो जागा थोडी घेतो. पंधरा सेंटिमीटर उंच व तीस सेंटिमीटर रुंद अशा सात पायऱ्या सुमारे दोन मीटर जागेत आपणांस मीटरभर वर नेतात. चाकांच्या खुर्चीसाठी एकास बारा या प्रमाणाचा उतार बांधला, तर तेवढ्याच उंचीला बारा मीटर लांबी लागते.

सवाई जयसिंगाने १७२४ मध्ये उभारलेल्या जंतरमंतरातील सम्राट यंत्राची तिरपी भिंत दिल्लीच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस अंश, कललेली आहे. तेथे पायऱ्याच हव्यात. एकास बारा उताराचा कोन पाच अंशांहूनही कमी भरतो.

याच जंतरमंतरात जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग आले. कृष्णविवरांचे गणित मांडणाऱ्या त्या शास्त्रज्ञाची खुर्ची आत जावी म्हणून तेथे आणि कुतुबमिनारापाशी तात्पुरते लाकडी उतार घालण्यात आले. अपंगांना समान संधी देणारा कायदा १९९५ मध्येच झाला होता; फळ्या मात्र पाहुणा जगप्रसिद्ध निघाला तेव्हा सापडल्या! डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली मेट्रोत उतार व लिफ्ट यांचा विचार प्रारंभीच झाला. आज वृद्ध माणसे, लेकुरवाळ्या बाया, सामान ओढणारे प्रवासी, सारेच त्यांचा आश्रय घेतात.

‘जागा नाही’ हा शेरा सरकारी कागदांवर मी पुष्कळदा वाचला आहे. त्यामागचा हिशेब सरळ आहे. उताराचे मोल बांधणारा एकदाच देतो. जिन्याचे मोल चढणारा रोज आपल्या गुडघ्यांनी फेडतो आणि ज्याला चढताच येत नाही तो दाराबाहेर राहून फेडतो. म्हणून बांधणाऱ्यास जिना स्वस्त वाटतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम केवळ मार्गदर्शक न ठेवता बंधनकारक करण्यास सांगितले, ते उगाच नव्हे.

जिने पाडावेत असे कोणी म्हणत नाही. कुबडीवाल्या काहींना लांब उतारापेक्षा चार पायऱ्याच बऱ्या वाटतात. दोन्ही वाटा असाव्यात, आणि दोन्ही पुढच्याच दारी असाव्यात. मागील दाराने आत घेतलेला माणूस घरात येतो खरा, परंतु त्याचे स्वागत झाले असे म्हणता येत नाही.