पॉमेरियन पाळताना
(रेडिओवरील भाषण)



सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या शाहूपुरीत संध्याकाळी फेरफटका मारा, एखाद्या तरी फाटकाआडून बारीक पण खणखणीत भुंकणं ऐकू येईलच. पांढरंशुभ्र अंग, पाठीवर वळलेली झुबकेदार शेपटी, कोल्ह्यासारखं निमुळतं तोंड. सगळे त्याला पॉमेरियन म्हणतात. पशुवैद्य म्हणून माझा या जनावराशी रोजचा संबंध येतो, म्हणून आज त्याच्याविषयी बोलणार आहे.

त्याचं खरं नाव पॉमेरेनियन, पॉमेरेनियावरून पडलेलं. पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा प्रांत, आज जर्मनी आणि पोलंडमध्ये विभागलेला. उत्तरेच्या बर्फात घसरगाड्या ओढणाऱ्या स्पिट्झ कुत्र्यांच्या कुळातला हा कुत्रा. त्याचे पूर्वज चांगले दहा-बारा किलोंचे असत. १८८८ साली राणी व्हिक्टोरियाने इटलीतल्या फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा छोटा पॉमेरेनियन इंग्लंडला आणला, १८९१ मध्ये आपली कुत्री लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात उतरवली, आणि छोट्या पॉमेरेनियनची टूमच निघाली. पैदास करणारे लहानातलं लहान पिल्लू निवडत गेले. आज खऱ्या पॉमेरेनियनचं वजन दीड ते साडेतीन किलो भरतं.

आपल्याकडे दिसतो तो मात्र बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ. ब्रिटिश अमदानीत आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांची पैदास इथल्या हवेत होत गेली, त्यातून तो तयार झाला. पाच-सात किलो किंवा त्याहूनही वजनदार, पायांनी उंच, तोंडाने लांबट, उन्हाला काटक. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातला टफी याच जातीचा. हुशार, घरच्यांना जीव लावणारा, राखणीला तिखट. आपल्या हवेसाठी मी तरी यालाच पसंती देईन. पण हल्ली ‘टीकप’, ‘मिनी’ अशी नावं लावून तळहातावर मावणारी पिल्लं विकली जातात आणि लोक त्यासाठी हजारो रुपये मोजतात. श्रोतेहो, कुत्रा जितका इवला, तितकी दुखणी जास्त.

गुडघ्याची वाटीच बघा. चालता चालता कुत्रा मागचा एक पाय उचलून तीन पायांवर चार पावलं उड्या मारतो आणि परत नीट चालू लागतो. घरच्यांना तो खेळ वाटतो. प्रत्यक्षात वाटी खाचेतून सरकलेली असते. दुसरं दुखणं श्वासनलिकेचं. तिच्या कूर्चेच्या कड्या कमजोर असल्या की गळपट्टा ओढला जाताच कोरडा, हंसासारखा खोकला सुरू होतो. अशा कुत्र्याला गळ्यातला पट्टा नकोच, छातीवरून बांधायचा पट्टा घ्या. दुधाचे दात न पडता तसेच राहतात, त्यांच्याआड अन्न साचून हिरड्या सडतात. अगदी लहान पिल्लू काही तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर उतरून लटपटू लागतं. अशा वेळी हिरड्यांना मध चोळा आणि दवाखाना गाठा.

एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा काहीजण कुत्र्याचं मशीनने पार मुंडण करतात. ते करू नका. ते केस उन्हापासूनही राखण करतात, आणि या जातीत भादरलेले केस कधीकधी पुन्हा नीट येतच नाहीत. केस विंचरा, फिरवणं सकाळी लवकर आणि रात्री ठेवा, फरशीवर सावलीत पाणी ठेवा.

लाडाने गोड खाऊ घालणंही असंच अंगाशी येतं. दोन किलोच्या कुत्र्याने एक कंदी पेढा खाल्ला, तर साठ किलोच्या माणसाने एका बैठकीत तीस पेढे खाल्ल्यासारखं होतं.

आता आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ हा द्राक्षांचा मुलूख. बेदाण्याच्या शेडवर कुत्री मोकळी हिंडतात, घरात परातीत बेदाणे निवडायला पसरलेले असतात, मुलं कौतुकाने दोन दाणे कुत्र्यापुढे टाकतात. द्राक्ष कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष आहे, आणि बेदाणा तर द्राक्षाहून घट्ट. संशोधकांचा रोख त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे आहे. किती दाणे चालतील असं माप नाही. एखाद्या कुत्र्याला थोड्यानेही त्रास होतो. पहिल्या दिवसात उलट्या होतात, कुत्रा खाणं सोडतो, मलूल पडतो, आणि दोन-तीन दिवसांत लघवी कमी होत बंद पडते. शेडवरून दोन दिवस उलट्या करणारी कुत्री आमच्याकडे येतात. आधी विषबाधेचा कुणालाच संशय आलेला नसतो, आणि तोवर सलाइनचाही फारसा उपयोग उरलेला नसतो. यावर उतारा नाही. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टरांकडून उलटी करवून घेतली, तर मात्र जीव वाचू शकतो. घरी मीठ पाजून उलटी काढू नका, त्याने दुसरीच विषबाधा होते. शिऱ्यातला, पुलावातला बेदाणासुद्धा बाजूला काढा.

पिल्लाचं लसीकरण वेळेवर करा; रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा नियमित द्या. मादीची पिल्लं नको असतील तर तिची शस्त्रक्रिया करून घ्या, गर्भाशयात पू होण्याचं संकट टळतं. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, अवघड दुखणं असेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आणि आज रात्री बेदाण्यांचा डबा झाकण लावून वरच्या फळीवर ठेवा.