गरुडातील शांत जोडी



साहित्याच्या व्यासपीठावरून आज मी आकाशाविषयी बोलणार आहे. गोंगाट ओसरल्यावर काय दिसते, एवढाच माझा विषय आहे. आणि तो आपणांस परका वाटू नये.

गरुड तारकासमूहात 'अक्विला एक्स-१' नावाची ताऱ्यांची एक जोडी आहे. तिच्यातला एक न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्याहून अधिक, व्यास मात्र जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. दुसरा, नारिंगी तारा. दोघे सुमारे १९ तासांत परस्परांभोवती एक फेरी पुरी करतात. नारिंगी ताऱ्याचा वायू ओढला जातो आणि न्यूट्रॉन ताऱ्याभोवती त्याची चकती साचते. साधारण वर्षातून एकदा क्ष-किरणांचा उद्रेक होतो, आणि चकतीच्या झगमगाटात तो सोबती हरवून जातो.

उद्रेक शमला, की सोबत्याचा मंद प्रकाश हाती लागतो. तो आपल्याकडे येत असता त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जाताना तांबड्या बाजूला. त्यावरून वेग कळतो, आणि वेगावरून न्यूट्रॉन ताऱ्याच्या वजनाचा अंदाज बांधता येतो. इतका दाट पदार्थ कोणत्याही प्रयोगशाळेत साठवता येत नाही; म्हणून या वजनाचे मोल फार.

परंतु शांततेतही फसगत होते. १९७८ साली या जोडीचा दृश्य तारा ओळखला गेला. पुढे सुमारे वीस वर्षे शांत काळातला तोच प्रकाश अभ्यासकांनी सोबत्याचा मानला. १९९९ साली शेव्हालिए आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की त्या ठिपक्यात दोन तारे आहेत. त्यांच्यातले अंतर अर्ध्या विकलेहूनही कमी. पूर्णचंद्राच्या रुंदीचे ३६०० भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढे! दोघांतला तेजस्वी तारा निव्वळ वाटसरू होता. खरा सोबती त्याच्या शेजारी, कितीतरी मंद.

आधीच्या निरीक्षकांना दोष देऊ नये. त्यांच्या दुर्बिणींना वातावरणाच्या थरथरीतून दोन ठिपके वेगळे दिसत नव्हते. पुढे चिलीतील मोठ्या दुर्बिणीने ती थरथर निस्तरून, अवरक्त प्रकाशात खऱ्या सोबत्याच्या रेषा वेगळ्या टिपल्या.

तेव्हा रसिकहो, गोंगाट थांबण्याची वाट पाहावीच. पण त्यानंतर जे दिसेल ते नेमके कोणाचे, हेही विचारावे. इतके बोलून थांबतो.